लेन्सवरचा एकास २.८

चौदा डिसेंबर, रविवार, सकाळ. रक्कम पंधरा हजार रुपये. जागा आमच्या गावातला पार. हजर माणसं पाच. गावातली भांडणं मिटवायला नेमलेल्या कमिटीचे अध्यक्ष, ज्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, भूमापन खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले एक काका, माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला मी जन्मापासून दादा म्हणतो, तालुक्याहून त्यानं आणलेला लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर, आणि मी. पाराच्या खाली आणखी बरीच माणसं उभी होती, पण त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं, म्हणून ती धरत नाही.

पंधरा हजार मी दादाला भरपाई म्हणून द्यायचे, आणि माझी नवी बोअर कायमची बंद करायची, असा निकाल त्या दिवशी झाला. निकालाचा आधार एक फोटो होता.

बोअरचं आधी सांगतो. आजोबांची जमीन चार भावांत वाटली गेली. दादा एकुलता, त्यामुळे त्याच्या वडिलांचा चौथा हिस्सा अख्खा त्याच्याकडे आला. आम्ही दोघे भाऊ, बहिणींनी हक्कसोड लिहून दिलं, म्हणून माझ्या वाट्याला आठवा हिस्सा. विहीर दादाच्या तुकड्यात गेली. ती खणताना माझ्या वडिलांनी टोपली उचललेली होती, आणि आठवड्यातून दोन पाळ्या पाणी आम्हाला मिळेल असं तेव्हा तोंडी ठरलं होतं. काही वर्षं मिळालं. मग एकच पाळी झाली. मग मोटार जळली, मग लाईट नाही, मग पाणीच उतरलं. मी भांडलो नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्याच रानाच्या दुसऱ्या टोकाला बोअर पाडली आणि देवाच्या कृपेनं पाणी लागलं.

आमच्या गावचा जुना शिरस्ता आहे की दुसऱ्याच्या विहिरीपासून दीडशे फुटांच्या आत बोअर पाडायची नाही. कायद्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, पण शिरस्ता मी मानतो. म्हणून बोअरची गाडी येण्याआधी मी स्वतः टेप धरून मोजलं होतं. विहिरीच्या कठड्यापासून बोअरच्या पाईपपर्यंत १९६ फूट. टेपचं एक टोक माझ्या बायकोच्या हातात होतं.

मी जिनिंगच्या कारखान्यात वजनकाट्यावर मुनीम आहे. कापसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा मी आकडा नंतर बघतो. आधी बघतो की कोण कुठं उभं आहे. कोणाचा पाय काट्याच्या पत्र्यावर आहे, चाक कडेला टेकलंय का. आकडा खोटा नसतो. उभं राहणं खोटं असतं. हे मला वीस वर्षांपासून कळतं, आणि तरी त्या दिवशी पारावर पहिल्या घटकेला ते माझ्या ध्यानात आलं नाही, याचा राग मला अजून आहे.

दादानं पिशवीतून फोटो काढला. बारा बाय अठरा इंचांचा, लग्नाच्या अल्बमला लावतात तसला चकचकीत. डाव्या बाजूला माझ्या बोअरचा निळा पाईप. उजवीकडे, त्याला जवळजवळ खेटून, त्याच्या विहिरीचा दगडी कठडा. पाईपवरचे ओरखडे दिसत होते आणि कठड्याच्या दगडांतल्या सिमेंटच्या रेघाही दिसत होत्या. दोन्ही एकदम साफ. मध्ये गव्हाची एक अरुंद हिरवी पट्टी, बघणाऱ्याला रानात हातभर रुंद वाटावी अशी.

मी म्हणालो, टेप आणा, आत्ता रानात चला, मोजू.

अध्यक्ष म्हणाले, "टेप ढिला धरला की वाढतो, ताणला की कमी होतो. तुझ्या टेपचं टोक तुझ्या घरच्यांनी धरलेलं. फोटो कोणाच्या घरचा न्हाई. फोटो खोटं बोलत न्हाई."

खाली उभे असलेल्यांनी माना हलवल्या. हे वाक्य इतक्या लोकांना इतकं पटतं याचीच मला चीड येते. टेप खोटा, माझी बायको खोटी, मी खोटा. आणि तालुक्याहून पैसे देऊन आणलेल्या माणसानं काढलेला कागद तेवढा खरा.

पण तेवढ्यावर राहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो कदाचित. पुढं जे झालं त्यानं माझं डोकं फिरलं. मोजणीवाल्या काकांनी फोटोग्राफरचा कॅमेरा मागून घेतला. त्याला पांढरी, दुधाच्या बाटलीएवढी लांब लेन्स लावलेली होती. काकांनी चष्मा वर सरकवला, लेन्सच्या तोंडावर छापलेली अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम ऑफिसात बसल्यासारखा झाला. तिथं लिहिलं होतं: ७०-२०० मिमी, १:२.८.

"स्केल दिलेलंच हाय की," काका म्हणाले. "एकास दोन पॉइंट आठ."

त्यांनी खिशातून पट्टी काढली. निवृत्त होऊनही खिशात पट्टी बाळगणारा माणूस आहे. फोटोवर पाईप ते कठडा अंतर मोजलं. साडेचार सेंटीमीटर. एक सेंटीमीटरला दोन पॉइंट आठ मीटर, असा त्यांनी हिशोब धरला, कारण जन्मभर त्यांनी गावनकाशे तसेच वाचले: इतक्या सेंटीमीटरला इतके मीटर. साडेचार गुणिले दोन पॉइंट आठ, बारा पॉइंट सहा मीटर. म्हणजे एक्केचाळीस फूट. गुणाकार बरोबर होता. मी तोंडी करून पाहिला.

मला लेन्समधलं तेव्हा काहीही कळत नव्हतं. पण आकड्यांत काय बसत नाही हे मला कळतं. मी विचारलं, "काका, हाच फोटो दुप्पट मोठा छापला तर पट्टीवर नऊ सेंटीमीटर येतील. मग माझी बोअर लांब जाईल का?"

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाबा, कागद मोठा केल्यानं कुठं जमीन वाढती का?"

सगळे हसले. मला हसले. मी जे म्हणत होतो तेच काका बोलले होते, आणि त्यावर गाव मला हसलं. फोटोग्राफरही हसला. त्याला तर त्या आकड्याचा अर्थ माहीत होता. तो एक शब्द बोलला नाही. दादा हसला नाही, हे मात्र लिहितो. तो पायाच्या अंगठ्यानं पाराची माती उकरत बसला होता.

निकाल झाला. पुढच्या रविवारी पैसे आणायचे, तोवर मोटार चालू करायची नाही. माझ्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावून किल्ली अध्यक्षांनी आपल्या दुकानाच्या गल्ल्यात ठेवली. माझी पेटी, माझं कुलूप, किल्ली त्यांच्याकडे.

आणि रानात गहू उभा होता. गव्हाला पहिलं पाणी कधी लागतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पेरून तीन आठवडे होत आले की नवी मुळं फुटतात, तेव्हाचं पाणी चुकलं तर फुटवे येत नाहीत, आणि नंतर कितीही पाजलं तरी ते भरून निघत नाही. तो आठवडा नेमका तोच होता. तहसीलला जावं, मोजणीचा अर्ज करावा, हे सगळं मला सुचलं होतं. पण अर्जाचा नंबर लागेपर्यंत गहू थांबत नाही. पैसे भरले तरी बोअर बंदच राहणार होती. माझ्यासाठी प्रश्न एवढाच होता की पुढच्या रविवारच्या आत त्या फोटोचं खोटं मला शोधता येतं की नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी टेप ढिला धरला म्हणले का ते?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी काट्यावरून सुट्टी घेऊन एसटीनं तालुक्याला त्या फोटोग्राफरच्या दुकानात गेलो. भांडायचं नाही असं ठरवून गेलो होतो. तो नवरा-नवरीच्या फोटोंचे गठ्ठे लावत बसला होता. मी विचारलं, काल बोललास का नाहीस? तो म्हणाला, मला कुणी विचारलं का? दादानं त्याला सांगितलं होतं की दोन्ही वस्तू जवळ दिसल्या पाहिजेत आणि दोन्ही साफ दिसल्या पाहिजेत. तसा फोटो त्यानं काढून दिला, पैसे घेतले, विषय संपला. त्याला त्यात काही वाईट वाटत नव्हतं, आणि ते तो लपवतही नव्हता.

"मुनीमजी," तो म्हणाला, "नवरीचं नाक लहान दिसावं म्हणून बी लोक सांगतात. मी काढून देतो. त्यात कोणाचं काय जातं?"

मी विचारलं, कॅमेरा भाड्यानं देतोस का? तो म्हणाला, सोबत मीही येईन, कॅमेरा एकटा सोडत नाही, दोन चकरांचे मिळून बाराशे. मी कबूल केलं. मग म्हणालो, आता त्या आकड्यांचा अर्थ सांग. त्यानं जे सांगितलं ते निम्मं मला कळलं नाही, कारण त्यालाही ते निम्मंच येत होतं. मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ येतं, छोटा एफ, म्हणजे एकासपुढचा आकडा छोटा, की मागचं धूसर होतं, एवढं त्याला हातानं येत होतं. का, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. उरलेलं मी परतीच्या एसटीत खिडकीला टेकून स्वतः जुळवलं.

पहिला आकडा, ७० ते २००. हे भिंगापासून चित्र साफ उमटतं तिथपर्यंतचं अंतर आहे, मिलीमीटरात. जितकं जास्त, तितका समोरच्या देखाव्याचा लहान तुकडा कॅमेऱ्यात येतो आणि तो मोठा होऊन दिसतो. बस्स. त्यात फुटांचा काही संबंध नाही. दोनशे मिलीमीटर म्हणजे दोनशे फूट नव्हे, दोनशे मीटरही नव्हे.

दुसरा आकडा, एकास २.८. ह्यावर मी तालुक्यापासून गावापर्यंत अडकलो. लेन्सच्या आत एक भोक असतं, ते लहान-मोठं करता येतं. फोटोग्राफर म्हणाला होता की २.८ ला भोक मोठं आणि १६ ला लहान. मला ते उलटं वाटत होतं. मग एकदम आमची वाटणीच डोळ्यांपुढं आली. दादा चारात एक, मी आठात एक. खालचा आकडा माझा मोठा, वाटा माझा लहान. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. भोकाची रुंदी म्हणजे त्या मिलीमीटरांचा वाटा. दोनशेला २.८ नं भागा, एकाहत्तर मिलीमीटर. एवढं भोक, हाताच्या मुठीएवढं. दोनशेला १६ नं भागा, साडेबारा मिलीमीटर. म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं. जमिनीच्या वाटणीतला आणि ह्यातला फरक इतकाच की दुप्पट रुंदीच्या भोकातून उजेड चौपट येतो, जसं दोन इंची पाईपऐवजी चार इंची टाकला तर पाणी चौपट येतं. म्हणून तर भोकाचे आकडे दोन, २.८, चार, ५.६, आठ, अकरा, सोळा असे विचित्र चढतात. दर पायरीला उजेड निम्मा. मनात पाईप धरले की त्यात विचित्र काही राहत नाही.

आणि लेन्सच्या तोंडावर छापलेला एकास २.८ म्हणजे त्या लेन्सचं मोठ्यात मोठं भोक, एवढंच. फोटो काढताना भोक किती ठेवलं होतं, ते तिथं लिहिलेलं नसतं. काकांनी ज्याला नकाशाचं स्केल म्हणून गुणलं, ते एका भोकाचं माप होतं. हे कळलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. माझे कान तापले. एका भोकाच्या मापावर त्यांनी माझी बोअर बंद केली होती.

मी घरी येऊन हे बायकोला उत्साहानं सांगायला लागलो. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गव्हाला ते मिलीमीटर कळत न्हाईत. त्याला पाणी कळतं. किल्ली कधी आणताव?"

बुधवारी फोटोग्राफर रानात आला. दादाचा फोटो मी अध्यक्षांकडून मागून त्याचा मोबाईलवर फोटो घेतला होता. तो हातात धरून आधी उभं राहण्याची जागा शोधली. फोटोत पाईपच्या वरच्या टोकाच्या पातळीत, उजवीकडे, कठड्याचा एक फुटका दगड होता आणि त्याच्या मागे लांबवर दादाच्या गोठ्याचा पत्रा. हे तिन्ही फोटोतल्यासारखे जुळून येईपर्यंत मी बांधावर मागे मागे सरकत गेलो. बाभळीच्या बुंध्यापाशी जुळलं. पण उभ्यानं नाही. गुडघ्यावर बसल्यावर जुळलं. फोटोग्राफर माझ्याकडे बघून म्हणाला, "हां, इथंच बसलो होतो. काटा रुतला होता."

तिथून पाईप १३० फूट. पाईपच्या पलीकडे विहीर १९६ फूट. ह्या वेळी टेपचं टोक मी फोटोग्राफरच्या हातात दिलं.

गुडघ्यावर बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर होते. तिथून गव्हाच्या शेंड्यांवरून बघितलं तर पाईप आणि विहीर यांच्यामधली सगळी जमीन चपटी होऊन बोटभर पट्टी झालेली. १९६ फूट रान, माझ्या बायकोनं ज्यातलं मूठमूठ गवत उपटलं ते रान, त्या पट्टीत मिटून गेलं होतं. हे कॅमेऱ्याशिवाय नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. मग बायकोच्या मोबाईलवर त्याच जागेवरून फोटो घेतला. पाईप आणि विहीर मुंगीएवढे आले, पण एकमेकांना तसेच खेटून. त्या फोटोतला मधला तुकडा कापून मोठा केला की दादाचाच फोटो, जरा फुटलेला. म्हणजे लांब लेन्सनं काही जवळ ओढलेलं नव्हतं. तिनं फक्त मधला तुकडा कापून मोठा केला होता. खोटं जे होतं ते बाभळीच्या बुंध्याशी गुडघे टेकून बसण्यात होतं.

पण लांबून बसून पाहिलं तरी एक गोष्ट अंतर सांगून टाकते. एकावर नजर धरली की दुसरं अंधुक होतं. मी फोटोग्राफरला म्हणालो, भोक पूर्ण उघड, २.८ वर, आणि पाईप धर. पाईप लखलखीत आला आणि विहिरीच्या कठड्याच्या कडा विरघळल्या. दगड मोजता येईनात. डोळ्याला लगेच कळत होतं की ही वस्तू मागे, बरीच मागे आहे. मग १६ वर, फोकस दोघांच्या मध्ये. दोन्ही साफ. सिमेंटच्या रेघा हजर. मी विचारलं, त्या दिवशी किती ठेवला होता? त्यानं कॅमेऱ्यातला जुना फोटो उघडून दाखवला. एफ १६, दोनशे मिलीमीटर. अंतराची शेवटची खूण होती ती अंधुकपणात होती, आणि तीही त्यानं बटणाएवढं भोक करून पुसून टाकली होती. दादानं सांगितलं होतं ना, दोन्ही साफ पाहिजेत.

नंतर मी त्याला बाजूच्या बांधावर नेऊन आडवा फोटो काढायला लावला. एका टोकाला पाईप, दुसऱ्या टोकाला विहीर, मध्ये माझं अख्खं रान. टेपही दिसेल असा.

मला वाटलं होतं, एवढं पुरे. दर संध्याकाळी बायको विचारायची, आणि मी म्हणायचो, रविवारी. शुक्रवारी गव्हाची पानं दुपारी वळायला लागली. त्या दिवशी मी अध्यक्षांच्या दुकानात जाऊन फोटो दाखवले आणि किल्ली मागितली. त्यांनी दोन गिऱ्हाइकांना युरिया दिला, मग फोटो पत्त्यांसारखे चाळले आणि म्हणाले, "तुझा फोटोग्राफर, तुझे पैसे. तू सांगशील तसं काढणारच की तो."

दादाच्या फोटोला हा नियम नव्हता.

मी दुकानाबाहेर आलो. समोर अध्यक्षांचं घर, नवीन, दुमजली, ओसरीला पिवळा रंग. त्यामागे उतार, मग ओढा, ओढ्यापलीकडे गावची स्मशानभूमी आणि तिचं पत्र्याचं शेड. मी उभा राहून ते बघत राहिलो. मग फोटोग्राफरला फोन केला की दुसरी चक्कर उद्याच कर.

रविवारी पुन्हा तेच पाच जण पारावर, खाली दुप्पट माणसं. मी आधी रानाचे फोटो मांडले आणि जे कळलं होतं ते सांगितलं. भोक, वाटणी, पाईप, सगळं. काकांनी लक्ष देऊन ऐकलं नाही. ते म्हणाले, स्केल ते स्केल. दादाचाच फोटो मी छोट्या, आठ बाय बाराच्या कागदावर छापून नेला होता. तो पुढं केला. त्यावर पट्टीनं तीन सेंटीमीटर आले, म्हणजे काकांच्या हिशोबानं सत्तावीस फूट. मी म्हणालो, गेल्या रविवारी एक्केचाळीस होते, आठ दिवसांत बोअर चौदा फूट सरकली का? काका म्हणाले, मोठाच फोटो धरायचा, तो आधी दाखल झालाय.

मग मी शेवटचा फोटो काढला. बारा बाय अठरा, मोठा, दाखल करण्याजोगा. "काका, हाबी ह्याच लेन्सचा हाय. एकास दोन पॉइंट आठ. मोजा."

काकांनी सवयीनं पट्टी लावली. अडीच सेंटीमीटर. ओठ हलले. सात मीटर. तेवीस फूट. हे मोठ्यानं म्हणून झाल्यावर त्यांनी फोटो काय आहे ते पाहिलं.

अध्यक्षांची पिवळी ओसरी होती. तिला खेटून स्मशानाचं शेड. दोन्ही साफ. ओसरीवर वाळत घातलेली साडी आणि शेडमधल्या लोखंडी जाळ्या, दोन्ही मोजून घ्याव्यात अशा.

पाराखालून कोणीतरी बोललं, "तरीच म्हणलं, अध्यक्षाच्या घरी पाव्हणे मुक्कामी का राहत न्हाईत." मग जो हशा झाला तो पहिल्या रविवारपेक्षा मोठा होता. एक म्हातारा म्हणाला की बरं झालं, ओढ्यावर पूल बांधायचा खर्च वाचला.

अध्यक्ष उठून उभे राहिले. चेहरा काळानिळा. "माझ्या घरच्या लक्ष्मीची साडी स्मशानाशेजारी दाखवतूस व्हय रे?"

मी म्हणालो, "मी न्हाई दाखवत. फोटो खोटं बोलत न्हाई."

ते वाक्य बोलताना मला बरं वाटलं, पण राग गेला नाही. कारण मला माहीत होतं की आता जे होईल ते टेपमुळे होणार नाही, १९६ फुटांमुळे होणार नाही, भोकाच्या मापामुळेही होणार नाही. ते लाज वाटल्यामुळे होईल. खरं सांगून आठवडाभर जे झालं नाही ते एका खोट्या फोटोनं घटकाभरात झालं.

काका पट्टी खिशात घालून खाली बघत होते. अध्यक्षांनी गल्ल्यातली किल्ली कोणाला तरी पाठवून मागवली आणि माझ्यापुढं पारावर टाकली. निकाल चुकला असं कोणी म्हणालं नाही. दोन्ही बाजूंनी समजुतीनं मिटलं, असं म्हणायचं ठरलं. आणि पाराचा अपमान केला म्हणून मला पाचशे एक रुपये दंड, मारुतीच्या रंगकामाला.

सगळे पांगायला लागले तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला. माझ्याकडे न बघता. "फूट एकशे शहाण्णव असू दे न्हाईतर एक्केचाळीस. खाली पाणी एकच हाय ना? तुझी मोटार चालली की माझी विहीर उतरती. ते कसं दाखवायचं व्हतं मी?"

ह्यात तथ्य आहे. मी ते नाकारत नाही. जमिनीखाली शिरस्ता चालत नाही आणि टेपही पोचत नाही. तो माझ्या ओसरीवर येऊन हे बोलला असता, तर मी पाळ्या लावून घेतल्या असत्या. एक दिवस त्याची मोटार, एक दिवस माझी. आठात एक वाट्याच्या माणसाला पाळीची सवय असते. पण तो माझ्याकडे आला नाही. तो तालुक्याला गेला, फोटोग्राफर आणला, आणि माझ्या रानाच्या बांधावर बाभळीखाली कोणालातरी गुडघ्यावर बसवलं. मी त्याला एवढंच म्हणालो, "दादा, मला विचारायचं व्हतं." तो निघून गेला. अजून आम्ही नीट बोलत नाही. पाळ्या लागल्या नाहीत. त्याची विहीर ह्या वर्षी लवकर उतरली.

मी तसाच रानात जाऊन पेटी उघडली, मोटार चालू केली. बायको पाटाच्या दंडावर उभी होती. पाणी पहिल्या वाफ्यात शिरल्यावर ती खाली वाकली, एक रोप उपटून त्याची मुळं बघितली आणि ते माझ्या हातात दिलं. फुटवे धरायच्या जागी सुकलेली पांढरी टोकं होती. त्या गव्हाला पुढं जेवढे फुटवे यायचे तेवढे आलेच नाहीत. काढणीला पोती भरताना मी मोजली, पण तो आकडा इथं लिहीत नाही, कारण तो मला कोणी भरून देणार नाही.

हिशोब पुरा करतो. दादाला द्यायच्या पंधरा हजारांपैकी काही दिलं नाही. मारुतीच्या रंगकामाला पाचशे एक दिले, पावती मागून घेतली. फोटोग्राफरला दोन चकरांचे बाराशे दिले. दादानं त्याच्या फोटोचे त्याला दोन हजार दिले होते, हे फोटोग्राफरनंच मला सांगितलं, पैसे मोजून खिशात घालता घालता.